भोपळा मिळालेला आठवडा

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

गोष्टीतली म्हातारी लेकीकडे निघते तेव्हा तिला वाटेत वाघ अडवतो. मला अडवले ते बोस्टनच्या विमानतळावरील एका अधिकाऱ्याने, आणि त्यानेही चकल्यांच्या डब्याची चौकशी करून मला सोडून दिले. लेक बोस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहते आणि नातू नऊ वर्षांचा आहे. त्याच्या वर्गात या आठवड्यात पानगळ आणि हॅलोविन (मुलांनी सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागण्याचा ३१ ऑक्टोबरचा सण) या विषयांवर प्रश्नमंजूषा चालू असल्यामुळे रोज एक प्रश्न आजीला विचारायचा आणि तिचे गुण वहीत मांडायचे, असे त्याने जाहीर केले. कुडाळच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईने हे आव्हान हसत स्वीकारले. ते हसू फार टिकले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सकाळी आम्ही चौघे गाडीने उत्तरेला न्यू हॅम्पशायर राज्यातील व्हाइट माउंटन्सकडे निघालो. लिंकन ते कॉनवे या गावांना जोडणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कॅन्कमॅगस रस्ता पानांचे रंग पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. पेनाकूक या मूलनिवासी जमातींच्या एका प्रमुखाचे नाव त्याला दिलेले असून खिंडीत हा रस्ता जवळजवळ ८७० मीटर उंची गाठतो. आम्हाला मात्र उशीर झाला होता. या डोंगरांतील रंगांचा भर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, त्यामुळे खिंडीजवळचे मेपल केव्हाच उघडे झाले होते आणि गावात माघी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोहोचल्यासारखे वाटत होते. तरी दोन झाडांनी आमची लाज राखली. बीचची तांबूस पाने वाळूनही फांदी सोडत नाहीत, आणि टॅमरॅक नावाचे सूचिपर्णी झाड, सूचिपर्णी असूनही, पानगळीआधी हळदीसारखे पिवळे होते. ओल्या जागी उभी असलेली ती पिवळी झाडे पाहण्यासाठी जावयांनी तीन वेळा गाडी थांबवली.

तिसऱ्या थांब्यावर पहिला प्रश्न आला: "आजी, पानं लाल का होतात?" मी आवाज किंचित चढवून सांगितले की थंडी पडू लागली आणि दिवस लहान झाला की हरितद्रव्याचे विघटन होते आणि त्याखाली आधीपासूनच असलेले रंग दिसू लागतात. नातवाने वहीत शून्य काढले. माझे उत्तर पिवळ्या आणि नारिंगी रंगांपुरते बरोबर होते, कारण ते रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात उन्हाळाभर असतात. मेपलचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो आणि ते द्रव्य बहुतांशी शरद ऋतूतच नव्याने तयार होते. देठाच्या बुडाशी बुचासारख्या पेशींचा थर धरू लागला की पानातली साखर पानातच अडकते, आणि दिवसा स्वच्छ ऊन व रात्री गोठण्याइतका नसलेला गारवा असला की त्या साखरेपासून लाल रंग भरपूर बनतो. म्हणजे मरायला टेकलेले पान शेवटच्या पंधरवड्यात नवीन रंग घालते. मी मनातल्या मनात माझे जुने धडे तपासत बसले.

परतीच्या वाटेवर फ्रँकोनिया खिंड लागली. येथील कड्यावर म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा खडक होता आणि तोच या राज्याचे चिन्ह होता. ३ मे २००३ रोजी तो कोसळला, पण रस्त्यांवरील पाट्यांवर आजही तोच चेहरा आहे. नसलेल्या म्हाताऱ्याची पाटी वाचत आम्ही घरी परतलो.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज शेत पाहायचे होते. येथे ऑक्टोबरमध्ये सहकुटुंब शेतावर जाऊन, पैसे मोजून, स्वतःच सफरचंदे तोडायची असतात. आमच्याकडे आंबे काढायला गड्याला पैसे द्यावे लागतात, येथे गडीच पैसे देतो, असे मी म्हणाले आणि जावयांना ते फार पटले. सफरचंदांचा हंगाम सरत आला होता, पण गरम सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस, आणि त्याच सायडरमध्ये भिजवलेल्या पिठाचे तळलेले, वरून दालचिनी-साखर भुरभुरलेले डोनट भरपूर होते. एका घंगाळासारख्या टपात सफरचंदे तरंगत होती आणि मुले हात मागे बांधून ती दातांनी उचलू पाहत होती. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाव भाग हवा असते, म्हणून ते बुडत नाही. हे मी न विचारता सांगितले, आणि न विचारलेल्या उत्तराला गुण नाहीत, असा निर्णय लागला.

नंतर भोपळ्यांचे शेत. वेली वाळून गेलेल्या, आणि मातीवर शेकडो नारिंगी भोपळे, कुणी देवळाबाहेर चपला सोडून गेल्यासारखे, जमेल तसे पडलेले. आजचा प्रश्न येथेच आला: भोपळा हे फळ की भाजी? फुलाच्या अंडाशयापासून बनते आणि पोटात बिया असतात, म्हणून फळ, असे मी सांगितले. "कुठल्या प्रकारचं फळ?" अशी पुढची चौकशी आली तेव्हा मी अडखळले. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनुसार भोपळा ही बेरी आहे. द्राक्ष आणि टोमॅटो ज्या पंगतीत बसतात त्याच पंगतीत, जाड सालीसह, भोपळाही बसतो. अर्धा गुण मिळाला.

भोपळ्यापुढे मला मात्र दुसरेच सुचले. ज्या प्रजातीतले हे भोपळे, तिची लागवड मेक्सिकोत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि ती अमेरिका खंडांबाहेर पडली ती कोलंबसानंतर. दुधी आणि कोहळा आपल्याकडे जुने, पण पितृपक्षात ज्याची भाजी झाल्याशिवाय आमच्या घरी पान पुरे होत नाही तो लाल भोपळा मुळात इकडचा पाहुणा आहे. तेव्हा "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" असे म्हणत म्हातारी ज्यात बसून घरी परतली तो भोपळा लाल असेल, तर ती गोष्ट चारपाचशे वर्षांपेक्षा जुनी असू शकत नाही. दुधी असेल तर प्रश्न मिटला, पण दुधीत म्हातारी मावायची कशी?

लाल भोपळ्यात ती सहज मावते. येथून तासाभराच्या अंतरावर टॉप्सफील्ड येथे १८१८ पासून कृषिमेळा भरतो. तेथे २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी २,००९ पौंडांचा, म्हणजे सुमारे ९११ किलोचा भोपळा आणून जगात प्रथमच २,००० पौंडांची सीमा ओलांडली. २०२३ मध्ये हा विक्रम १,२४७ किलोंवर गेला. हे राक्षसी वाण कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी घडवले. बहरात असा भोपळा एका दिवसात पंधरावीस किलोंनी वाढतो. मेन राज्यातील डॅमरिस्कॉटा गावात लोक असे भोपळे कोरून त्यांच्या होड्या करतात, त्यात बसून शर्यत लावतात आणि उलटतातही. म्हातारीचे वाहन शास्त्रशुद्ध आहे, हे मी नातवाला ठासून सांगितले.

संध्याकाळी तासभर गाडी हाकून आम्ही ऱ्होड आयलंडची राजधानी प्रॉव्हिडन्स गाठली. तेथील रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयात दर ऑक्टोबरला तळ्याकाठच्या पायवाटेवर सुमारे ५,००० कोरलेले भोपळे दिव्यांसह मांडतात. काही भोपळ्यांवर नुसतेच दात विचकलेले चेहरे असतात, पण मोठ्या भोपळ्यांची साल कमीजास्त खरवडून, उजेड जाड-पातळ करून, अक्षरशः चित्रे रंगवलेली असतात. भोपळा कोरला की तो सडू लागतो, त्यामुळे हंगामभर जुने काढून नवे मांडण्याचे काम चालूच असते. आमच्याकडे गणपतीच्या आराशीला निदान दीड दिवसाची तरी खात्री असते.

सोमवार, २८ ऑक्टोबर

नातू शाळेत गेला, पण दाराबाहेर पडताना त्याने प्रश्न ठेवलाच: सेलममध्ये किती चेटकिणी जाळल्या? लेकीने रजा घेतली होती. आम्ही दोघी बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने अर्ध्या तासात सेलमला उतरलो. गाडीतच चार टोकदार टोप्या, एक सांगाडा आणि स्वतःची शेपटी मांडीवर घेऊन बसलेला एक गृहस्थ होता. या गावाची लोकसंख्या ४५,००० च्या आसपास आणि ऑक्टोबरात येणारे पाहुणे दहा लाखांहून अधिक. सोमवार असूनही एसेक्स रस्त्यावर पंढरपूरच्या वाटेसारखी गर्दी होती. पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचे चिन्ह आहे, शाळेच्या खेळाडूंच्या चमूचे नावच 'चेटकिणी' आहे, आणि एका चौकात दूरचित्रवाणी मालिकेतील चेटकिणीचा कांस्यपुतळा २००५ पासून चंद्रकोरीपुढे झाडूवर बसून छायाचित्रे काढून घेत आहे.

या सगळ्या गमतीच्या पोटात एक साधी आणि वाईट हकीकत आहे. १६९२ मध्ये काही मुलींना झटके येऊ लागले, आणि त्यांनी नावे घेतलेल्या माणसांवर चेटकाचे खटले चालले. आरोपीची आकृती स्वप्नात येऊन मला छळते, एवढे सांगणेही पुरावा म्हणून मान्य होत असे. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी देण्यात आले, त्यांत १४ बायका आणि ५ पुरुष होते. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातील शेतकऱ्याने न्यायालयापुढे बाजू मांडण्यास नकार दिला, म्हणून त्याला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारण्यात आले. आणखी किमान पाच जण तुरुंगातच मेले. तुरुंगात टाकलेल्यांमध्ये चारपाच वर्षांची एक मुलगीही होती. गव्हर्नर फिप्स यांनी ते विशेष न्यायालय २९ ऑक्टोबर १६९२ रोजी बरखास्त केले, म्हणजे आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती तारीख.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. जाळले कुणालाच नाही. चेटूक हा इंग्रजी कायद्याखाली फाशीचा गुन्हा होता, आणि जाळण्याची चित्रे युरोपातील इतर देशांकडून येथे चिकटली. आणि खटले सुरू झाले ते मुख्यतः सेलम खेड्यात, ज्याने पुढे आपले नाव बदलून डॅनव्हर्स केले. बदनामी आणि पर्यटक हे दोन्ही सेलम शहराकडे राहिले. १९९२ मध्ये जुन्या दफनभूमीला लागून उभारलेले स्मारक अगदी साधे आहे. भिंतीतून पुढे आलेले ग्रॅनाइटचे वीस बाक, प्रत्येकावर नाव, मृत्यूची रीत आणि तारीख. प्रवेशाच्या उंबऱ्यात बळींची स्वतःच्या निर्दोषपणाची वाक्ये कोरली आहेत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. एका बाकावर कुणी सफरचंद ठेवले होते, आणि त्याच्याच शेजारी बसून एक हिरव्या तोंडाची चेटकीण वडा खावा तसा डोनट खात होती. मला प्रथम राग आला. मग वाटले की जिला या गावात एके काळी फासावर चढवले असते ती बाई आज दिवसाढवळ्या येथे बसून खाऊ शकते, हेही काही कमी नाही. डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या मी महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत आणि आमच्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, तेव्हा १६९२ कडे बोट दाखवण्याची मला घाई नव्हती. या प्रकरणातील शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियर, २०२२ मध्ये दोषमुक्त झाले, तेही जवळच्या एका शाळेतील आठवीच्या मुलांनी केलेल्या पाठपुराव्यामुळे.

दुपार पीबॉडी एसेक्स संग्रहालयात गेली. सेलमची खरी श्रीमंती चेटकिणींची नव्हे, जहाजांची. येथील कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली आणि त्यांनी आणलेल्या चीजवस्तूंपासून हे संग्रहालय वाढले. सुमात्राची मिरी आणण्यात सेलम आघाडीवर होते. अमेरिकेतील पहिला हत्ती १७९६ मध्ये येथल्याच एका कप्तानाने कलकत्त्याहून न्यूयॉर्कला उतरवला. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचा या जहाजांशी नित्याचा व्यवहार होता. स्टेशनवर परतताना लेकीने 'पंपकिन स्पाइस' घातलेली कॉफी घेतली. त्या मसाल्यात भोपळा नसतो. दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग, म्हणजे आमच्या डब्यातलीच माणसे, भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थासाठी एकत्र येतात आणि नाव भोपळ्याचे होते.

रात्री मी उत्तर सांगितले. तेथे जाऊन पाहून आलीस, म्हणून गुण नाही, असा निकाल नातवाने दिला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर स्वयंपाकघरातील टेबलावर वर्तमानपत्रे पसरली आणि भोपळा कोरायला घेतला. देठाभोवती झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी लागते, नाहीतर झाकण आत पडते. आमचे पडले. आतला सुतासारखा गीर आणि बिया हाताने ओरबाडून काढताना नातवाने प्रश्न विचारला: भोपळ्याच्या आधी लोक काय कोरत असत? मी दुधी म्हणाले. पुन्हा शून्य. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सलगम कोरीत असत, मुळ्याच्याच कुळातला तो घट्ट कंद. जॅक नावाच्या लबाडाने सैतानाला फसवले, त्यामुळे मेल्यावर त्याला ना स्वर्गात घेतले ना नरकात, आणि तो सलगमात निखारा ठेवून अंधारात भटकत राहिला, अशी ती कथा. आमच्या कोकणातला चकवा आणि हा जॅक एकमेकांना रात्री भेटले तर पहाटेपर्यंत एकाच माळावर फिरत राहतील. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेत आले आणि त्यांना सलगमापेक्षा मोठा, मऊ आणि स्वस्त भोपळा सापडला. सणाचे मूळ त्याहून जुने आहे. सुगी संपून हिवाळा सुरू होताना आयर्लंडकडचे प्राचीन केल्ट लोक साविन नावाचा सण पाळत आणि त्या रात्री मेलेल्यांची वाट उघडते असे मानत. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळचे नाव घासून घासून हॅलोविन झाले.

बिया मीठ, तिखट आणि हिंग लावून भाजल्या. हिंगाचा मान माझा.

बुधवार, ३० ऑक्टोबर

फराळ उरकायचा असल्यामुळे आज फिरणे नाही. दुकानात जाऊन उद्यासाठी चॉकलेटांच्या पिशव्या तेवढ्या आणल्या. कँडी कॉर्न नावाची पिवळी-नारिंगी-पांढरी त्रिकोणी गोळीही घेतली. ती १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात निघाली असे म्हणतात, आणि चवीवरून ती तेव्हाचीच असावी. नातवाला सर्दी होती, म्हणून प्रश्न नाही. दारातला भोपळा खारीने एका कानाकडून कुरतडला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

यंदा नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, आणि तिथीच्या हिशेबाने अमेरिकेत लक्ष्मीपूजनही आजच संध्याकाळी. पहाटे अभ्यंगस्नान झाले, पण कारीट कुठून आणायचे? आमच्याकडे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने ते कडू फळ फोडून नरकासुर मारतात. शेतावरून आणलेला शोभेचा इवलासा भोपळा मला त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक वाटला. तो शोभेचा असल्यामुळे त्याची साल लाकडासारखी आहे, हे नातवाचा अंगठा सुजल्यावर कळले. शेवटी तो जावयांच्या बुटाने फुटला आणि सर्वांनी गोविंदा म्हटले. गोव्यात आणि सावंतवाडीकडे आदल्या रात्री पोरे नरकासुराचे भयंकर पुतळे मिरवून पहाटे जाळतात, हे ऐकल्यावर नातवाने विचारले की मग हॅलोविन आपलाच कसा नाही. याला मी गुण दिला.

दिवस विलक्षण गरम होता. ऑक्टोबरच्या अखेरीस बोस्टनमध्ये पारा २७ अंशांपर्यंत गेला आणि केसाळ पोशाखातली मुले घामाने निथळत होती. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. येथील घड्याळे हिवाळ्यासाठी तासभर मागे घेतात ती २००७ पासून ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे हॅलोविनच्या संध्याकाळी तासभर जास्त उजेड मिळतो, आणि हे व्हावे म्हणून मिठाईवाल्यांनीही बरीच वर्षे खटपट केली होती. ज्या घराच्या दारातला दिवा लागलेला असतो तेथेच मुलांनी जायचे, हा नियम. आमच्या दारात दिव्याखेरीज आठ पणत्या, रांगोळी आणि आकाशकंदील असल्यामुळे गल्लीतील एकही मूल चुकले नाही. समोरच्या घरापुढे हिरवट निळा रंगवलेला भोपळा होता. ज्या मुलांना शेंगदाणे वगैरे बाधतात त्यांच्यासाठी तेथे खाऊऐवजी खेळणी मिळतात, याची ती खूण. माझ्या करंज्या मात्र घरातच राहिल्या, कारण येथे पुडी बंद नसलेला खाऊ कुणी परक्या मुलाच्या हातावर ठेवत नाही.

नातू सांगाडा होऊन गल्लीत गेला आणि मी दारात टोपली घेऊन बसले. परी आली, अंतराळवीर आला, दोन चेटकिणी आल्या. मग पायरीवर एक साधारण चार वर्षांचा पट्ट्यापट्ट्यांचा वाघ येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागला. लेकीकडे आलेली म्हातारी, शेजारी भोपळा, समोर वाघ. "थांब रे वाघोबा, लेकीकडे आले आहे, लठ्ठ होऊन येते," असे मी शुद्ध मराठीत सांगितले. वाघाने टोपलीतून तीन चॉकलेटे घेतली, आईने डोळे मोठे केल्यावर एक परत ठेवले, आणि तो गेला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

उद्या पाडवा, म्हणून घारगे करायचे होते. कोरण्याचा भोपळा पाणचट आणि तंतुमय असतो, त्याचे घारगे होत नाहीत. त्यासाठी छोटा गोड वाण वेगळा आणला होता. तो किसून गुळात शिजवत असताना जावयांनी कोरलेला भोपळा परसात नेऊन ठेवला, कारण उष्म्याने त्याची हनुवटी एका रात्रीत बसली होती. नातवाने वही मिटण्यापूर्वी बेरीज केली. चार प्रश्न, अर्धा गुण. आमच्या शाळेत याला भोपळाच म्हणत, असे मी सांगितले, तेव्हा परीक्षेतल्या शून्याला भोपळा का म्हणतात हे त्याला हवे झाले. मला सांगता येईना, म्हणून मी त्याला खिडकीबाहेर दाखवले. भोपळ्याच्या उघड्या तोंडातून खार आत शिरली होती, आणि भोपळा आपोआप, दोन बोटे, तीन बोटे, उतारावरून हलत होता.